शनिवारची बैठक : विसरणाऱ्यांसोबत गाताना

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या सभागृहात झालेल्या ज्येष्ठ नागरिक मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



सर्वप्रथम आपल्या सोसायटीला पंचवीस वर्षं पूर्ण झाली याबद्दल सगळ्यांचं अभिनंदन. आपल्या सोसायटीचा इतिहास, म्हणजे प्लॉट कसे पाडले, पाण्याची लाईन कशी आली, पहिली दहा वर्षं टँकर कसे मागवले, हे सगळं माझ्या आधीच्या वक्त्यांनी सांगितलं आहे. त्यामुळे मी त्यात शिरत नाही. संयोजकांनी मला सांगितलं, "साहेब, तुम्ही शनिवारच्या बैठकीबद्दल बोला." म्हणून त्याच विषयावर बोलतो. वेळ पंधरा-वीस मिनिटं दिली आहे. बँकेतला माणूस आहे, वेळेचा हिशोब चुकणार नाही.

बऱ्याच जणांना ही बैठक म्हणजे भजनी मंडळ वाटतं. काहींना वाटतं, रिकामटेकड्या म्हाताऱ्यांचा गाण्याचा कार्यक्रम. दोन्हीत थोडं तथ्य आहे! पण ही बैठक आहे ज्यांची स्मृती कमी होत चालली आहे अशा माणसांसाठी आणि त्यांना सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी. डॉक्टर ज्याला डिमेन्शिया म्हणतात, मराठीत स्मृतिभ्रंश म्हणतात, त्या आजाराच्या माणसांसोबत दर शनिवारी साडेचार ते साडेपाच आम्ही गातो. गेली तीन वर्षं हे चालू आहे. आम्ही गाणारे म्हणजे काही गवई नाही. एक पेटीवाले सोडले तर सगळे बाथरूम सिंगरच.

आता हा आजार काय आहे, हे थोडं सांगितलं पाहिजे. कारण आपल्याकडे त्याला आजार म्हणतच नाहीत. "साठी बुद्धी नाठी" म्हणतात. "म्हातारचळ लागला" म्हणतात. खेड्यात "बाहेरचं काहीतरी झालंय" म्हणून अंगारे-धुपारे करतात. वय झाल्यावर चष्मा कुठे ठेवला ते विसरणं वेगळं. तो मीही रोज विसरतो, आणि बहुतेक वेळा तो डोक्यावरच असतो. पण चष्मा हातात घेऊन हे कशासाठी असतं हे न कळणं, हा आजार आहे. जेवण झाल्यावर दहा मिनिटांत "मला कुणी जेवायलाच देत नाही" म्हणणं, पन्नास वर्षांच्या संसारानंतर बायकोला "तुम्ही कोण?" विचारणं, हा स्वभाव नाही आणि नाटकही नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत असतात. जर्मनीतल्या अलॉइस अल्झायमर नावाच्या डॉक्टरांनी 1906 साली अशा एका बाईंच्या मेंदूतले बदल पहिल्यांदा मांडले, म्हणून या आजाराच्या सगळ्यांत जास्त आढळणाऱ्या प्रकाराला अल्झायमर म्हणतात. जगात आज साडेपाच कोटींहून जास्त लोकांना डिमेन्शिया आहे. भारतात साठीच्या पुढच्या शंभरात साधारण सात जणांना तो असावा, म्हणजे देशात अठ्ठ्याऐंशी लाखांच्या आसपास माणसं, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीतून निघाला. आपल्या सोसायटीत साठीच्या पुढचे किती आहेत ते मोजा आणि हिशोब तुम्हीच करा. हा आजार दुसऱ्यांच्या गल्लीतला नाही.

एक गोष्ट मात्र ठासून सांगतो. विसरायला लागलेला प्रत्येक माणूस डिमेन्शियाचाच असतो असं नाही. बी-12 कमी झालं, थायरॉईड बिघडलं, मनाला उदासी आली, पडून डोक्याला मार लागला, ऐकूच येईनासं झालं, एखादं औषध मानवलं नाही, तरीही माणूस असाच भ्रमिष्टासारखा वागू शकतो, आणि यातलं बरंचसं उपचारानं सुधारतं. म्हणून आधी डॉक्टर, मग गाणं. आपल्या अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं एवढं मोठं रुग्णालय आहे. रिक्षाच्या भाड्यात तिथं पोहोचता येतं. तपासणी न करता "वय झालं" म्हणून घरी बसवणं हा त्या माणसावर अन्याय आहे.

मी बँकेत छत्तीस वर्षं काढली. हा आजार मी पुस्तकात नंतर वाचला, काउंटरवर आधी पाहिला. पहिलं लक्षण दिसायचं ते सहीत. तीस वर्षं मोत्यासारखी सही करणारे पेन्शनर एक दिवस स्लिपवर सही करताना अर्ध्यात थांबायचे. नाव अर्धं लिहून पेन वर धरायचे. मग मागची सून किंवा नातू म्हणायचा, "करा की आबा, लोक थांबलेत!" नोव्हेंबर महिन्यात हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागायची, तेव्हा एक गृहस्थ सकाळी दाखला देऊन जायचे आणि दुपारी पुन्हा रांगेत उभे राहायचे. रांगेतले लोक हसायचे. त्यांच्या पत्नी दारातून बघत असायच्या, त्या हसत नव्हत्या.

त्या अनुभवातून व्यवहाराचं एक सांगून ठेवतो, कारण हे नंतर सांगून उपयोग नसतो. आजाराची चाहूल लागली की माणसाची समज शाबूत असतानाच खातं जोडीदाराच्या किंवा मुलाच्या नावानं संयुक्त करा, नामनिर्देशन तपासा, मृत्युपत्र करा. पुष्कळ लोक म्हणतात, "आम्ही मुखत्यारपत्र करून ठेवलंय." नेहमीचं मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेल्यावर कायद्यानं टिकत नाही. ज्या दिवशी त्याची खरी गरज लागते, त्याच दिवशी ते निकामी होतं. मग पालक नेमून घेण्यासाठी कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. असो. हा वेगळ्या भाषणाचा विषय आहे, पण ज्यांनी टिपून घेतलं त्यांचं भलं होईल.

आता गाण्याकडे येतो. गाणंच का? गप्पा का नाही, कॅरम का नाही?

कारण साधं आहे. गप्पा मारायला आठवण लागते. "काल काय केलं?", "मुलगा कुठं असतो?" हे प्रश्न आपल्याला साधे वाटतात, त्यांना ती परीक्षा वाटते. नापास व्हायला कुणालाच आवडत नाही, म्हणून ते गप्प होतात, नाहीतर चिडतात. गाण्यात प्रश्न नसतो. पहिली ओळ कुणीतरी उचलतो आणि दुसरी आपोआप ओठावर येते. जर्मनीतल्या लाइपझिगच्या मॅक्स प्लांक संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी 2015 साली दाखवलं, की फार जुनी, ओळखीची गाणी मेंदूच्या ज्या भागांत साठवलेली दिसतात, ते भाग अल्झायमरमध्ये इतर भागांच्या मानानं बराच काळ टिकून राहतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर चालू खातं रिकामं झालं, पण जुनी मुदत ठेव अजून शिल्लक आहे.

इंग्लंडमध्ये तिथल्या अल्झायमर सोसायटीनं याच कल्पनेवर गाण्याचे गट गावोगाव सुरू केले. सुरुवात 2003 च्या सुमारास एका छोट्या गावातून झाली. तिथंही शिकवणी नाही, स्पर्धा नाही. पेशंट आणि त्याचा सांभाळ करणारा दोघं शेजारी बसून गातात. फिनलंडमध्ये पेशंट आणि काळजीवाहक अशा 89 जोड्यांवर अभ्यास झाला. काहींना दहा आठवडे गायला लावलं, काहींना फक्त गाणी ऐकवली, काहींना नेहमीचीच देखभाल दिली. गाणाऱ्या आणि ऐकणाऱ्या गटांत मनःस्थिती सुधारलेली दिसली, आणि गाण्यामुळे सांभाळणाऱ्यांच्याही मनावरचा भार हलका झाला. हे 2014 साली छापून आलं.

पण मी हिशोबाचा माणूस, जमेबरोबर नावेही सांगितली पाहिजे. संगीतावरच्या अशा अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा 2018 साली घेतला गेला. निष्कर्ष असा, की उदासी कमी व्हायला आणि एकंदर वागणं सुधारायला संगीताचा बहुधा उपयोग होतो, पण स्मरणशक्ती परत यायला फारसा होत नाही. म्हणजे गाणं हे औषध नाही. आजार आहे तिथंच राहतो, पुढेही जातो. आमच्या बैठकीला येऊन कुणी बरा झाला असं मी म्हणणार नाही, आणि तुम्हाला कुणी तसं म्हणालं तर विश्वास ठेवू नका. एक तास बरा जातो, आणि त्या तासाचा परिणाम कधी कधी रात्रीच्या जेवणापर्यंत टिकतो. एवढंच. पण ज्या घरात दिवसाचा एकही तास बरा जात नाही, तिथं "एवढंच" फार मोठं असतं.

आपल्याकडे हे नवीन आहे का? मला तरी तसं वाटत नाही. आपण आद्यकवी मुकुंदराजांच्या आणि दासोपंतांच्या गावचे लोक. आपल्या जिल्ह्यात असं खेडं शोधून सापडणार नाही जिथं सप्ताह होत नाही. संध्याकाळी मारुतीच्या देवळात हरिपाठ होतो. सत्तावीस-अठ्ठावीस अभंग, न बघता, टाळावर. तिसऱ्या वर्षीच्या सप्ताहात, म्हणजे आपल्या सोसायटीच्या नव्हे, आमच्या मूळ गावच्या, मी एक वारकरी बाबा पाहिले. त्यांना वार सांगता येत नव्हता, आपला मुलगा कोणता ते सांगता येत नव्हतं, पण हरिपाठाला उभे राहिले की पाऊलसुद्धा चुकत नव्हतं. गावानं त्यांना रांगेतून काढलं नव्हतं. दोन बाजूंना दोघं उभे राहायचे, पावली फिरली की हाताला धरून फिरवायचे. इंग्लंडात जे पद्धतशीर केलं, ते आमच्या गावानं काही न वाचता केलं होतं. म्हणून मी इथं आल्यावर चार मित्रांना म्हणालो, की हॉल तर शनिवारी रिकामाच असतो, सुरू करू या.

आता बैठक कशी चालते ते सविस्तर सांगतो, कारण उद्या दुसऱ्या कॉलनीत कुणाला सुरू करायची असेल तर उपयोगी पडेल.

वेळ साडेचारचीच. दिवेलागणीच्या सुमाराला या लोकांची घालमेल वाढते. स्वतःच्याच घरात बसून "मला घरी सोडा" म्हणतात. म्हणून अंधार पडायच्या आत सगळे घरी पोचले पाहिजेत. 

सतरंजी नाही, खुर्च्या, आणि त्याही हात असलेल्या, म्हणजे उठताना धरायला आधार मिळतो. खुर्च्या गोलात मांडायच्या. प्रत्येकाची जागा ठरलेली. ती बदलली की माणूस बेचैन होतो.

माईक नाही. सोसायटीच्या गणपतीतला स्पीकर आणा असा आग्रह झाला होता, पण मोठा आवाज त्यांच्या कानाला बोचतो. एक पेटी, एक टाळजोडी, तीही हळू. पट्टी खाली. म्हातारपणी आवाज खाली उतरतो. आमचे पेटीवाले आधी काळी चार म्हणाले, आता पांढरी एकवर आले आहेत. वरच्या पट्टीत गाणाऱ्याचं कौतुक होतं, खालच्या पट्टीत सगळे गातात.

सुरुवातीचं गाणं दर शनिवारी तेच आणि शेवटचंही तेच. तीन वर्षांत बदललेलं नाही. पहिलं सुरू झालं की त्यांना कळतं, आपण कुठं आलो आहोत. शेवटचं झालं की उठायचं, हेही कळतं. मध्ये सात-आठ गाणी. प्रत्येक दोनदा म्हणायचं. पहिल्यांदा काही जण नुसते ऐकतात, दुसऱ्यांदा ओठ हलतात.

स्वयंसेवकाचा पहिला नियम : "ओळखलंत का मला?" असं कधीही विचारायचं नाही. आपणच जाऊन सांगायचं, "नमस्कार गुरुजी, मी कोपऱ्यावरच्या घरातला." दर शनिवारी नव्यानं. दुसरा नियम : चूक दुरुस्त करायची नाही. ते कडवं आधी-नंतर म्हणाले तर आपणही तसंच म्हणायचं. तिसरा : कुणी रडलं तर गाणं थांबवायचं नाही. शेजारच्यानं हात धरायचा. चौथा : दोघांनी दारापाशी बसायचं, कारण मध्येच कुणी उठून चालायला लागतं. पाचवा : शेवटी चहा, पण कप अर्धाच भरायचा, आणि साखर कुणाला नको ते रजिस्टर बघून.

रजिस्टर हा माझा विभाग. माझ्यावर सगळे हसतात, पण ते लेजरसारखं ठेवलं आहे. प्रत्येकाच्या नावाला एक पान : कुठला कान चांगला, कुणाला काय म्हणून हाक मारलेली आवडते, काकू की बाई की गुरुजी, आणि गाण्यांची यादी. ती यादी घरच्यांकडून घ्यायची. पंधरा ते पंचवीस या वयात माणूस जे ऐकतो ते सगळ्यांत खोल जातं असं म्हणतात, आणि आमचा अनुभवही तोच. म्हणून माणसाचं जन्मसाल बघायचं आणि हिशोब करायचा. ऐंशी-पंच्याऐंशीतल्यांचं तरुणपण म्हणजे पन्नास-साठचं दशक. 1955 च्या एप्रिलपासून पुणे आकाशवाणीवर वर्षभर गीतरामायण चाललं, गदिमांचे शब्द आणि सुधीर फडक्यांचा सूर, छप्पन्न गाणी. ज्यांच्या वाड्यात रेडिओ होता त्यांना ती येतात. ज्यांच्या घरी रेडिओ नव्हता त्यांना देवळातलं आणि जात्यावरचं येतं. ज्यांनी हॉटेलात उभं राहून रेडिओ सिलोनची बिनाका गीतमाला ऐकली, त्यांना तलत आणि रफी येतात. सगळ्यांना एकच गाणं लागू पडत नाही.

आपल्या मराठवाड्यात त्यातही एक वेगळी गंमत आहे. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. नव्वदीला टेकलेल्या अनेकांनी शाळेत उर्दू शिकलेली असते. आमच्या बैठकीत एक चाचा येतात. सहा महिने ते काही बोलले नाहीत, गायले नाहीत. एका शनिवारी आमच्या गुरुजींनी, वय अठ्ठ्याऐंशी, स्वतः विसराळू, अचानक शाळेत पाठ केलेली एक उर्दू कविता म्हणायला सुरुवात केली. चाचांनी मान वर केली आणि पुढची ओळ म्हटली. मग दोघं आळीपाळीनं. आम्हाला कुणाला एक अक्षर येत नव्हतं, आम्ही नुसती टाळी धरली. त्या दोघांना एकमेकांची नावं आजही माहीत नाहीत. पण आता ते शेजारी-शेजारीच बसतात, आणि बसवलं नाही तर शोधतात.

दुसऱ्या एक आजी. मुलाकडे राहायला आणलेल्या, सगळा जन्म खेड्यात गेलेला. भजन नाही, रेडिओ नाही, काहीच लागू पडेना. सून म्हणाली, "त्यांना गाणं नाहीच येत हो काका." आमच्यातल्या एका ताईंनी काय केलं, त्यांच्यासमोर टेबलावर मूठ ठेवली आणि जातं फिरवल्यासारखी गोल फिरवली. आजींनी ती मूठ धरली, दोघींचे हात फिरायला लागले, आणि ओवी आली. एक नाही, लागोपाठ अकरा. भावाची, माहेराची, पंढरीच्या वाटेची. सुनेनं लग्नानंतर सत्तावीस वर्षांत त्या कधी ऐकल्या नव्हत्या, कारण घरात गिरणीचं पीठ! पुढच्या शनिवारी ती वही घेऊन आली. आता त्या वहीत चाळीस-पंचेचाळीस ओव्या झाल्या आहेत. हेमा राईरकर आणि गी पॉइटविन या अभ्यासकांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या. त्यात आपल्याच जिल्ह्यातल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांनी बाबासाहेबांवर गायलेल्या ओव्याही आहेत. पण ज्या कुणी गोळा केल्या नाहीत, त्या आपल्या घरातल्या कोपऱ्यात बसलेल्या आजीच्या पोटात आहेत. त्या तिच्याबरोबर जातील. वही-पेन घेऊन बसायला फार वेळ उरलेला नाही.

आणि तिसरी गोष्ट एका काकूंची. पेशंट त्या नाहीत, त्यांचे यजमान. काकू बैठकीत गात नाहीत. यजमान गायला लागले की त्या मागच्या बाकावर जाऊन दुसऱ्या दोघींसोबत बसतात. मी एकदा विचारलं, "वहिनी, तुम्ही नाही का गात?" त्या म्हणाल्या, "भाऊ, आठवड्यात हा एकच तास आहे, ज्यात मला कुणी विचारतं, तुम्ही कशा आहात म्हणून. बाकी सगळे यांचीच चौकशी करतात." तेव्हापासून मागचा बाक आम्ही मुद्दाम ठेवतो. तिथं डायपर कुठं स्वस्त मिळतात इथपासून रात्री उठणाऱ्या माणसाला कसं झोपवायचं इथपर्यंत सगळी देवाणघेवाण चालते. सांभाळणाऱ्याला आधार दिला तर खरंच फरक पडतो, हे आपल्या शेजारच्या गोव्यात अभ्यासानं दाखवलेलं आहे. तिथं 81 कुटुंबांवर प्रयोग झाला. डॉक्टर नव्हे, तर थोडं प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक माणसांनी घरी जाऊन माहिती आणि धीर दिला. तेवढ्यानंही सांभाळणाऱ्यांच्या मनाचं आरोग्य सुधारलं. 2008 साली ते प्रसिद्ध झालं. त्याला मोठी इमारत लागली नाही. जाणारी-येणारी माणसं लागली.

सगळं गोड-गोड सांगून थांबणार नाही. एका गृहस्थांना गाणं सहन झालं नाही. दोन्ही कानांवर हात ठेवायचे. त्यांना आम्ही बैठकीऐवजी बागेत फेरी मारायला नेतो. एकांना एक विशिष्ट गाणं लागलं की हुंदका यायचा. घरच्यांना विचारलं तर ते गाणं त्यांच्या गेलेल्या मुलाचं आवडतं. ते त्यांनी स्वतःच एकदा पुन्हा म्हणायला सांगितलं, म्हणून यादीत ठेवलं आहे. आणि तीन वर्षांत चार खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यातल्या एका आजोबांच्या दहाव्याला घरच्यांनी आम्हाला बोलावून आमचं ते शेवटचं गाणं म्हणायला लावलं.

टीकाही झाली. एका सभासदांनी मला स्पष्ट विचारलं, "घरातलं झाकून ठेवायचं असतं, तुम्ही वेड्यांची मिरवणूक का काढता?" मी रागावलो नाही. त्यांची भीती मला कळते. मुलीचं लग्न ठरायचं असतं, लोक "वेड आहे का घराण्यात?" विचारतात. पण झाकल्यानं काय होतं ते आपण पाहिलं आहे. आपली रो-हाउसं सगळी एकसारखी, फाटकंही एकाच रंगाची. एक काका घर चुकून दुसऱ्यांच्या ओट्यावर जाऊन बसायचे आणि लोक चोर म्हणून ओरडायचे. घरच्यांनी सांगितलंच नव्हतं. सांगितल्यावर काय झालं? समोरच्यांनी त्यांच्या फाटकाला पिवळा रंग लावून दिला, वॉचमनला चेहरा दाखवून ठेवला, आणि आता ते भलत्या ओट्यावर बसले तर तिथली वहिनी पाणी देते आणि मुलाला फोन करते. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' सिनेमा ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी जरूर पाहा. डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी त्यात स्मृती गेलेल्या संस्कृत पंडिताचं काम केलं आहे. एवढा विद्वान माणूस हत्तीच्या मागे चालत निघून जातो. विद्वत्ता या आजाराला अडवत नाही, पैसा अडवत नाही, पद तर मुळीच नाही.

अजून एक विचार तुमच्यापुढे ठेवतो. आपला जिल्हा ऊसतोड कामगारांचा. दसरा-दिवाळी झाली की कोयते निघतात, गावंच्या गावं रिकामी होतात ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. त्यातली एखादी म्हातारी चूल पेटवून विसरत असेल तर तिच्याकडे कोण बघतं? आठ-दहा वर्षांची नात! आपल्याकडे हॉल आहे, पेटी आहे, पेन्शन आहे. त्यांच्याकडे मारुतीचं देऊळ आणि हरिपाठ आहे. आशाताई गावात आहेतच. भजनी मंडळांना एवढंच सांगायचं आहे, की विसरणाऱ्या म्हाताऱ्याला घरातून हाताला धरून आणा आणि रांगेत उभं करा. यंदा आम्ही दोन गावांत जाऊन हे बोलून आलो. दोन्हीकडे मंडळी "होय" म्हणाली. पुढचं बघू.

आता शेवटचं, आणि ज्यासाठी मी ही संधी घेतली ते. संचालक मंडळाकडे आणि आपणा सर्वांकडे माझ्या तीन मागण्या आहेत.

पहिली. हॉल आता वाढदिवसांना आणि साखरपुड्यांना भाड्यानं जातो, सोसायटीला उत्पन्न मिळतं, ते हवंच आहे. पण गेल्या वर्षी सात शनिवार बैठक बाहेर ओट्यावर घ्यावी लागली. जागा बदलली की ही माणसं किती गडबडतात हे मी आत्ताच सांगितलं. शनिवारची चार ते सहा ही वेळ ठराव करून कायमची राखून ठेवावी. भाड्याचं जे नुकसान होईल त्याचा मी आकडा काढला आहे, तो फार नाही, आणि आम्ही काही पेन्शनर मिळून तो भरायला तयार आहोत.

दुसरी. आम्ही सात स्वयंसेवक आहोत. सगळ्यांत तरुण अडुसष्ट वर्षांचे. आम्हाला चाळिशीतली चार माणसं हवीत, आणि कॉलेजातली दोन-तीन पोरं. गळा नसला तरी चालेल. खुर्ची धरायला, दारापाशी बसायला आणि चहा वाटायला गळा लागत नाही. मागे बसलेल्या पोरांना सांगतो, आजोबांची गाणी यूट्यूबवर शोधून द्यायचं काम तर तुम्ही मोबाईलवर बसल्या बसल्या करू शकता.

तिसरी. ज्यांच्या घरी असं माणूस आहे आणि जे अजून आले नाहीत, त्यांनी या. मला माहीत आहे, दोन-तीन घरं आहेत. मी नाव घेत नाही. मला बाजूला घेऊन सांगा, नाहीतर घरी बोलवा, मी चहाला येईन. बाहेरून माहिती हवी असेल तर ज्येष्ठांसाठी सरकारची 14567 ही फुकट हेल्पलाईन आहे. केरळात 1992 साली सुरू झालेली अल्झायमर आजारासाठी काम करणारी भारतीय संस्था आहे, तिच्या शाखा मोठ्या शहरांत आहेत. पण शाखा लांब आहे, आणि हॉल तुमच्या घरापासून पन्नास पावलांवर आहे.

आणि जे आज ठणठणीत आहेत त्यांच्यासाठी : रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल ताब्यात ठेवा, चालत राहा, तंबाखू सोडा, डोळे तपासा, ऐकू कमी येत असेल तर लाज न बाळगता कानाचं मशीन लावा, आणि घरात एकटे बसू नका. यानं धोका नाहीसा होत नाही, पण बराच कमी होऊ शकतो, असं जगभरचे तज्ज्ञ आता सांगतात.

माझं वय तुम्हाला माहीत आहे. उद्या माझी पाळी येणार नाही असं कुणी लिहून दिलेलं नाही. म्हणून रजिस्टरमध्ये एक पान मी माझ्या नावानं उघडून ठेवलं आहे. उजवा कान चांगला, चहा बिनसाखरेचा, आणि खाली नऊ गाण्यांची यादी. ते पान आमच्या सौभाग्यवतींनी तपासून त्यात दोन दुरुस्त्या केल्या आहेत. तुम्हीही आज घरी गेल्यावर आपापली यादी करा, आणि आई-वडिलांची तर आधी करा. त्यांना अजून सांगता येतंय तोवर विचारून घ्या.

येत्या शनिवारी साडेचारला हॉलमध्ये या. खुर्च्या लावायला सव्वाचारला आलात तर अधिक चांगलं.